परिशिष्टातला गणपती

विद्यापीठांच्या दृश्यकला अभ्यासमंडळांवरील आणि संशोधन समित्यांवरील सन्माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

काही वर्षांपूर्वी पीएच.डी.चा विषय मंजूर करून घ्यायला मी एक खोकं घेऊन तुमच्यापैकी काहींच्या समोर बसले होते. हापूसची लाकडी पेटी, आतला पेंढा तसाच ठेवलेला, कारण पेटीत माती होती. विद्यापीठ कोणतं, समिती कोणती, हे सांगायचं कारण नाही. ती माणसं वाईट नव्हती. एकाने तर चहासुद्धा मागवला.

पेटीत काय होतं ते आधी सांगते. मातीच्या २४ पट्ट्या, प्रत्येकीवर माती ओली असताना मारलेली १० सेंटीमीटरची रेघ. गणपतींचे दोन तुटलेले हात. एक सोंड, मुळाशी तडकलेली. नुसत्या मातीच्या, कापूस घातलेल्या मातीच्या आणि कागदाचा लगदा घातलेल्या मातीच्या तीन चकत्या, आणि त्यांवर एकाच ब्रशने आखलेले तीन डोळे. शिवाय तीन पावसाळ्यांच्या तीन वह्या, ओल धरून फुगलेल्या.

पहिला प्रश्न आला, "सँपल साइज किती?" दुसरा, "गृहीतक कुठे आहे?" तिसरे सदस्य प्रेमळ होते. त्यांनी सोंड हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "काम छान आहे हो बाई, पण हे क्राफ्ट झालं. यात संशोधन कुठे आहे?" शेवटी तोडगा निघाला तो असा : विषय बदलून 'सिंधुदुर्गातील मूर्तिकारांचा सामाजिक-आर्थिक अभ्यास' असा करावा, शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्यावी आणि या सगळ्या वस्तूंचे फोटो परिशिष्टात टाकावेत. परिशिष्ट ब. परिशिष्ट अ मध्ये प्रश्नावली येणार होती.

मी कुडाळ तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. माहेरी गणपतीची शाळा आहे. पेणकडची माणसं कारखाना म्हणतात, आमच्याकडे मूर्ती घडवायच्या जागेला शाळाच म्हणतात. लहानपणी मला दोन शाळा होत्या, आणि 'शाळेत जाते' म्हटलं की आई विचारायची, "खंयच्या?"

दुसऱ्या शाळेत वेळापत्रक नव्हतं, पण अभ्यासक्रम होता. पहिली दोन वर्षं नुसती माती. मळ्यातली चिकणमाती उन्हाळ्यात आणून वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजत घालायची, मग मळायची. हाताला खडा लागता कामा नये. त्यानंतर साच्यात माती दाबायची, म्हणजे पाट, उंदीर, मोदक. मग हात-पाय जोडणं. मग पाण्याचा हात फिरवून अंग गुळगुळीत करणं. रंग त्यानंतर, आणि सगळ्यात शेवटी, जमलंच तर, डोळ्यांची आखणी. आमच्या बाबांनी मला ब्रश दिला तेव्हा मी बी.एड.ला जाण्याइतकी मोठी झाले होते. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून आखणी मी करते. भाऊ बाकीचं बघतो.

बाबांनी कधी काही लिहून ठेवलं नाही असं मी समजत होते. मग एका वर्षी भिंतीकडे नीट पाहिलं. पडवीच्या आतल्या भिंतीवर कोळशाने केलेल्या खुणा होत्या : घराण्याचं नाव, पुढे वितीत उंची, रंगाचं एक अक्षर, आणि काही नावांपुढे फुली. नावं आणि उंची म्हणजे मागणी, हे उघड होतं. फुली म्हणजे त्या वर्षी ती मूर्ती तडकली आणि दुसरी करावी लागली. आई दरवर्षी भिंत सारवायची, पण तो पट्टा सोडून. फुल्या मोजायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या वर्षांत सारख्या विखुरलेल्या नाहीत. काही वर्षांत दाटी आहे, काही वर्षं कोरी. एवढ्यावरून माझ्या प्रश्नाला सुरुवात झाली. समितीत कोणीतरी प्राथमिक साधन कोणतं म्हणून विचारलं, तेव्हा मी भिंतीचा फोटो दाखवला. ते हसले. भिंत काही एस.टी.त घालून आणता आली नसती.

मी पाऊस आणि तडे यांचा संबंध शोधायला बसले होते. तो फारसा सापडला नाही. सापडलं ते वेगळंच. पावसात उन्हाचा भरवसा नाही, म्हणून शाळेत एका कडेला मोठे बल्ब लावून ठेवतात. बल्बकडचा खांदा आणि भिंतीकडचा खांदा एकाच दिवशी सुकत नाही. माझ्या पट्ट्यांवरची १० सेंटीमीटरची रेघ पूर्ण वाळल्यावर सव्वानऊच्या आसपास येत होती. म्हणजे एक खांदा आकसून बसलेला आणि दुसरा अजून आकसायचा, अशा अवस्थेत मूर्ती दोन-तीन दिवस उभी असते. ओढाताणीत मधली जागा फाटते. सोंडेचंही तसंच. अंग अर्धं सुकल्यावर ओल्या मातीची सोंड लावली की ती मुळाशी सुटते.

आता गंमत बघा. बाबा रोज तिन्हीसांजेला प्रत्येक मूर्ती पाव वळसा फिरवायचे. कान आणि बोटं ओल्या फडक्याने झाकून ठेवायचे. मी लहान असताना एकदा कारण विचारलं होतं, तर म्हणाले होते, "एकाच अंगाक वारो लागलो तर तो रुसता." ज्या वर्षी त्यांना मलेरिया झाला आणि कामावर बाहेरचे दोन गडी होते, त्या वर्षी भिंतीवर फुल्यांची दाटी आहे. मी तीन पावसाळे मोजमाप करून जे काढलं, ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं. पण त्यांच्या हाताला ठाऊक असलेलं माझ्या वहीत आल्याशिवाय ते भावाला, आणि आता भावाच्या हाताखालच्या पोरांना, कारणासकट सांगता येत नव्हतं. वही पाहून बाबा म्हणाले होते, "कागदार लिवन माती सुकतली काय गो?" नाही सुकत. पण पोरं आता बल्बाची जागा दोन दिवसांनी बदलतात.

कापूस आणि लगदा यांचं प्रकरण याहून नाजूक आहे. लगदा घातला की मूर्ती हलकी होते, तडे कमी जातात. पण वाळलेल्या अंगावर तंतूंची लव राहते आणि पापणीची रेघ ओढताना ती फुटते, ब्रशमधला रंग तंतूतून पसरतो. नुसत्या मातीवर रेघ कापल्यासारखी बसते, पण मूर्ती जड. कापूस मधला, फार बारीक पिंजला तरच. म्हणजे मातीत काय घालायचं हा निर्णय वजनाचा किंवा बळकटीचा आहे असं वाटतं, आणि शेवटी तो डोळ्याच्या रेघेवर येऊन थांबतो. हे वाक्य मी प्रबंधात लिहिलं असतं. पण तीन चकत्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय त्या वाक्याला काही किंमत नाही, आणि चकत्या तुम्ही परिशिष्टात घातल्या.

हा प्रश्न माझ्या एकटीच्या हौसेचा नव्हता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारित मार्गदर्शक सूचना काढून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. तेव्हापासून कोर्टकचेऱ्या, मुदतवाढी, मोर्चे, सगळं झालं. शाडू बरीचशी गुजरातेतून येते, तिचा भाव आणि भाडं छोट्या शाळांना परवडत नाही. गिऱ्हाइकाला मात्र प्लास्टरसारखी हलकी, गुळगुळीत आणि लख्ख डोळ्यांची मूर्तीच हवी असते. गावची माती वापरून असं अंग आणि अशी रेघ कशी आणायची? हा प्रश्न रसायनशास्त्राचा थोडा आणि शिल्पकलेचा बराच आहे. इतक्या वर्षांत तो कला महाविद्यालयांच्या शिल्प विभागांनी हक्काने उचलायला हवा होता. तुमच्याकडे भट्ट्या आहेत, विद्यार्थी आहेत, वजनकाटे आहेत. पण 'मूर्तिकारांच्या समस्या : एक अभ्यास' या नावाचा प्रबंध नोंदवता येतो आणि 'ही माती, हा लगदा, ही रेघ' या नावाचा नोंदवता येत नाही, म्हणून सगळे समस्यांचाच अभ्यास करत बसले.

तुमच्या सांगण्यावरून मी प्रश्नावलीही केली होती. पहिला नमुना घरचाच, बाबांचा. प्रश्न होता : 'आपण या व्यवसायात समाधानी आहात का? पूर्णतः / अंशतः / अजिबात नाही.' बाबा म्हणाले, "चवथीच्या आदी इचारलंस तर अजिबात नाय, चवथ झाल्यार इचारलंस तर पुरा." खूण एकाच चौकोनात करायची होती. मी 'अंशतः'वर केली आणि त्या रात्री मला स्वतःची लाज वाटली. पुढे नोंदणीची मुदत संपली, मी वाढवून घेतली नाही. त्यामुळे हे पत्र माझ्यासाठी काही मागत नाही.

इथे एक कबुली देते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईंना सगळ्याच कलाकृतींना पीएच.डी. द्यायची आहे. तसं मुळीच नाही. आमच्या शाळेत एका साच्यातून साठ गणपती निघतात. साहित्यचौर्य तपासायचं तुमचं सॉफ्टवेअर त्यांना लावलं तर साम्य शंभर टक्के भरेल (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत माफ आहे). ते काम आहे, पोटाचं काम आहे, भक्तीचं आहे, पण संशोधन नाही. त्याचप्रमाणे शहरातल्या प्रदर्शनांत कॅनव्हासखाली 'माझा शोध' असं लिहिलेलं असतं, तेही बहुतेक वेळा संशोधन नसतं. काय शोधलं म्हणून विचारलं तर चित्रकार 'स्वतःला' असं सांगतो. अशा कामालाही तुम्ही दार उघडावं असं माझं म्हणणं नाही. उलट त्याला जास्त कडक प्रश्न विचारा. प्रश्न काय होता? काय करून पाहिलं? कुठे फसलं? फसलेलं कुठे आहे, दाखवा. दुसऱ्याने करून पाहिलं तर त्याला काय उपयोग होईल? माझ्या पेटीला हे प्रश्न कोणी विचारले असते तर मला आवडलं असतं. बहुतेक काही प्रश्नांवर मी अडखळलेही असते.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये एक साधी वर्गवारी मांडली होती : कलेविषयीचं संशोधन, कलेतून होणारं संशोधन आणि कलेसाठीचं संशोधन. तिसरा प्रकार सगळ्यात काटेरी आहे हे त्यांनीच कबूल केलं होतं. तुमच्या अभ्यासमंडळांवरच्या विद्वानांना हे माहीत आहेच, कोर्सवर्कच्या पहिल्याच व्याख्यानात ते शिकवलंही जातं. मात्र सिनॉप्सिस मंजूर करायची वेळ आली की पहिल्या प्रकाराशिवाय दुसरं काही चालत नाही.

लंडनला जायचंही कारण नाही म्हणा. मुंबईच्या जे. जे. स्कूलची स्थापना १८५७ ची. त्या शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अजिंठ्याला जाऊ लागले आणि १८८५ पर्यंत हे विद्यार्थी लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रती करत होते. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्सच्या चमूच्याही कित्येक प्रती १८८५ च्या आगीत लंडनलाच जळाल्या. तरी जे वाचलं आणि पुढे छापून आलं, त्यावर आजही अभ्यासक अवलंबून आहेत, कारण मूळ चित्रं त्यानंतर आणखी खराब झाली. त्या मुलांनी प्रबंध लिहिले नाहीत. पण पद्मपाणीच्या भुवईची रेघ कुठून सुरू होते आणि कुठे दाब कमी होतो, हे ती रेघ पुन्हा ओढल्याशिवाय कसं कळणार? आणि याच कामातला दुसरा धडाही विसरू नका. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सनी चित्रांवर व्हार्निश फासलं, ते पिवळं पडलं आणि चित्रांचं नुकसान झालं. करून पाहणाऱ्याची चूक वस्तूवर उमटते. म्हणून नोंद हवी, परीक्षण हवं, जाब विचारणारं कोणीतरी हवं. मला तुमची समिती बरखास्त झालेली नको आहे. ती समिती माझ्या पडवीत बसलेली हवी आहे.

आमच्याच किनाऱ्यावरचं अजून एक उदाहरण अलिबागजवळच्या सासवण्याचं आहे. विनायक पांडुरंग करमरकर तिथे १८९१ मध्ये जन्मले. घरात गणपती होत असत. पोराने देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या ते नजरेस पडलं आणि त्यांनी पोराला जे. जे.त शिकायला पाठवायची सोय केली. पुण्यातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९२८ चा, त्याच करमरकरांचा. रॉथफिल्ड साहेबांनी भिंत पाहिली आणि तेवढ्यावर निर्णय घेतला. त्यांनी संदर्भसूची मागितली असती तर काय झालं असतं हे मी अधूनमधून मनातल्या मनात रंगवते. सासवण्याला करमरकरांचं संग्रहालय आहे, गेला नसाल तर जरूर जा. कोळिणींचे, बैलांचे, घरातल्या माणसांचे ते पुतळे पाहताना शाळेतल्या मातीचा हात ओळखू येतो. निदान मला तरी आला.

आता माझ्या दिवसाच्या शाळेबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शंभरावर विद्यार्थी असतील तर कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक असावा असं म्हटलं आहे. शंभराखालच्या शाळांची मुलं बहुधा कला घेऊनच जन्मत असावीत. आमच्याकडे पट कमी-जास्त होत असतो, तास गणिताला जातात, आणि जे उरतात ते एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला. स्मरणचित्राची तयारी म्हणजे काय, तर बाजारातून आणलेल्या पुस्तकातलं 'बसथांबा' पाठ करायचं. स्मरणाचं पाठांतर! कोकणातली मुलं वर्षानुवर्षं असा बसथांबा काढताहेत जिथे कधी एस.टी. आली नाही.

त्या उरलेल्या तासांतलीच एक गोष्ट सांगते. नववीची सहल राजापूर तालुक्यात कशेळीला नेली होती, कातळशिल्प बघायला. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेला हत्ती, सुमारे १८ मीटर लांब, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळी आहे, बारसू आहे, उक्षी आहे, जवळची कुडोपीही आहे. ही शिल्पं उजेडात आणायला रत्नागिरीच्या सुधीर रिसबूडांसारखी माणसं सडे पायाखाली घालत, गुराख्यांना विचारत हिंडली, हे मी मुलांना सांगत होते. मुलांचं लक्ष नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच होता : "बाई, एवढा मोठा काढताना त्यांनी वरून बघितलं कसं?" कातळावर उभं राहिलं की हत्ती दिसतच नाही, नुसत्या चरांच्या रेघा दिसतात. मला उत्तर येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मैदानावर कबड्डीच्या आखणीतली फक्की उरली होती. मुलं म्हणाली, आपण काढून बघू. पहिला हत्ती डोक्यापासून सुरू केला. काढून झाल्यावर सगळी शाळेच्या स्लॅबवर चढली आणि खाली बघून एकच गिल्ला, "डुक्कर, बाई, डुक्कर!" डोकं मोठं, मागचा भाग आखडलेला, पाय जमिनीलगत संपलेले. दुसऱ्या वेळी एका मुलीने सुचवलं की वहीत आधी छोटा हत्ती काढायचा आणि एक बोट म्हणजे चार पावलं धरायची. हत्ती बरा झाला, पण ताठ, जणू शाळेच्या गणवेशात. तिसऱ्या वेळी त्यांनी पाठीची लांब रेघ आधी घेतली, काथ्याची दोरी धरून एकजण चालत गेला आणि दुसरा फक्की सोडत मागून. मग पाय, मग सोंड, सगळ्यात शेवटी डोळा. तो हत्ती हत्तीसारखा दिसला. एका मुलाने वहीत लिहिलं ते मी उतरवून घेतलं आहे : 'लहान चित्रात हात वळतो. मोठ्या चित्रात आपल्याला चालायला लागतं, म्हणून चुकतं.' दुसऱ्या गटाने तोवर जांभ्याचे दोन चिरे मिळवले होते, एक खाणीतून नुकता काढलेला, एक जुन्या गडग्याचा, वर्षानुवर्षं उन्हापावसात पडलेला. नव्या चिऱ्यावर छिन्नी सहज चालली, जुन्यावर उडाली. मग पुन्हा नवे प्रश्न : सड्याचा कातळ तर उघडाच असतो, मग त्यांना किती दिवस लागले असतील? हत्यार काय होतं?

आम्ही काहीही सिद्ध केलं नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी दोरी वापरली असा पुरावा माझ्याकडे नाही, आणि त्या शिल्पांच्या काळाबद्दलही तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. पण नववीतल्या तीस मुलांना हे कळलं की रेघ कुठून सुरू केली हे चित्रावरून ओळखता येऊ शकतं, आणि ते तपासायचं तर पुन्हा कशेळीला जाऊन अमुक चर आधी की तमुक आधी हे छेदांवरून पाहावं लागेल. पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला हा प्रश्न फक्कीशिवायही सुचेल. माझ्या मुलांना तो फक्कीमुळे सुचला. त्यांच्यातलं एखादं उद्या तुमच्या महाविद्यालयात येईल. चार वर्षांच्या पदवीला आता नव्या धोरणाप्रमाणे संशोधनाची जोड द्यायची आहे, जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, सगळीकडे नवे अभ्यासक्रम लिहिले जाताहेत. म्हणजे नियमांची शाई अजून ओली आहे. त्या मुलाच्या हातात तुम्ही पुन्हा प्रश्नावलीच देणार का?

मागणं तसं फार नाही. केलेलं काम आणि त्याची नोंदवही यांना प्रबंधाचा मुख्य भाग माना, लिखाण त्याच्यासोबत येऊ द्या, लहान असलं तरी चालेल. नोंदवहीबाबत मात्र सूट देऊ नका. तारीख, माप, फसलेले प्रयत्न, कोणाकडून शिकलात त्याचं नाव, हे सगळं मागा. व्हायवा एकदा तरी जिथे काम झालं तिथे घ्या. प्रवासभत्त्याचा खर्च वाढेल, कबूल. पण पेटीत घालून आणलेली सोंड आणि ओळीने मांडलेल्या ओल्या मूर्तींमधली सोंड यांत फरक असतो.

आणि परीक्षकांत एक माणूस तरी असा बसवा ज्याचा हात त्या कामात झिजला आहे. पिंगुळी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या, पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीवरच्या प्रबंधांत अशी माणसं कुठे असतात? 'माहितीदाता' म्हणून, तळटीपेत. त्यांना मार्गदर्शक म्हणून बसवायला नियम आडवे येतात असं सांगतात. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये आणलेलं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद कशासाठी आहे? पंधरा वर्षांचा अनुभव हवा, औपचारिक पदवीची अट नाही, मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत नेमता येतात. ही पदं उद्योगातल्या निवृत्त साहेबांनीच भरायची असं कुठे लिहिलेलं नाही. सावंतवाडीत गंजिफा रंगवणारा, लाखकाम करणारा, नेरूरच्या रोंबाटाचे, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकीचे, उंच देखावे बांबूवर उभे करणारा माणूस त्या खुर्चीवर बसला तर आधी तो अवघडेल, मग तुम्ही अवघडाल, आणि चहाच्या दुसऱ्या कपानंतर दोघंही कामाचं बोलायला लागाल.

एक गोष्ट राहिली. जे काही संशोधन होईल त्याची एक प्रत ज्या गावातून ते उचललं तिथे परत पाठवा. आमच्या पंचक्रोशीत शहरातून येऊन फोटो काढून गेलेल्या संशोधकांची संख्या बरीच आहे, परत आलेल्या प्रबंधांची शून्य. बाबा एकदा म्हणाले होते की एका मुलीने त्यांचा साचा तासभर मापला होता. तिचं पुढे काय झालं ते त्यांना अजून जाणून घ्यायचं आहे.

तुम्ही म्हणाल, अशी दारं उघडली तर कोणीही माती घेऊन येईल. येऊ देत. पेटी उघडा, वह्या वाचा, आणि दम नसेल तर परत पाठवा. माझीसुद्धा पाठवायला हरकत नव्हती. फक्त ती उघडून, आतल्या रेघा पट्टीने मोजून मग.

नागपंचमीच्या सुमाराला आमच्याकडे घरोघरचे पाट यायला लागतात. त्यानंतरचे तीन आठवडे शाळा रात्री उशिरापर्यंत चालू असते. तेव्हा या. कुडाळ स्टेशनला उतरलात की आणायला कोणीतरी येईल, शेवटचा टप्पा चिखलाचा आहे. भिंत अजून तशीच आहे, यंदा भाऊ ती टाइल्स लावून घ्यायचं म्हणतो आहे, मी अडवून धरलं आहे. तुम्ही येणार असं बाबांना सांगितलं आणि विचारलं, ही मंडळी आली तर त्यांना काय काय दाखवायचं? ते ब्रश धूत होते. म्हणाले, "दाखवूचा काय त्यात? बसव त्यांका माती मळूक."

तेव्हा जुने कपडे घालून या.

आपली नम्र,
एक चित्रकला शिक्षिका
कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग